घंगाळावरचे ओरखडे

गेल्या उन्हाळ्यात इथे इंग्लंडमध्ये एका कार बूट सेलमध्ये मला एक घंगाळ सापडलं. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. रविवारी सकाळी लोक एखाद्या मोकळ्या शेतात गाड्या लावतात, डिक्या उघडतात आणि घरातलं नकोसं झालेलं सामान विकायला मांडतात. त्यात हौशे-नवशे असतात, तसे मुरलेले व्यापारीही असतात. हे घंगाळ अशाच एका मुरलेल्या गृहस्थाकडे होतं. त्यात लॅव्हेंडरचं रोप ठेवलेलं आणि पुढे पुठ्ठ्यावर लिहिलेलं: इंडियन प्लँटर, चाळीस पौंड.

दोन्ही कड्या धरून मी ते उचललं. चांगलंच जड होतं. मी काठावरून बोट फिरवतेय हे बघून तो म्हणाला, ‘थोडे ओरखडे आहेत तिथे, पण बफिंग केलं की जातील. हवं तर मी करून देतो.’ मी काठ उन्हाकडे तिरका केला. ते ओरखडे नव्हतेच. ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली देवनागरी अक्षरं होती. ‘सौ.’ने सुरू होणारं एका बाईचं नाव, आडनाव, आणि पुढे शके १८५१. म्हणजे १९२९-३० साल.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ती कोणाची तरी आजी किंवा पणजी असणार, आणि तिच्या माणसांना विचारल्याशिवाय तिला असं चव्हाट्यावर आणायचा मला हक्क नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. पॉडकास्टवर आम्ही जुन्या वस्तूंच्या संग्रहांबद्दल बोललो तेव्हाही तो निसटून गेला होता, म्हणून इथे लिहून काढतेय. जुन्या वस्तू जमवणाऱ्याला आपण ‘वस्तू वाचवणारा’ म्हणतो. पण वस्तू वाचते तेव्हा तिच्यावरच्या नावाचं काय होतं? हा प्रश्न मला विचारायचाय तो शेतातल्या त्या व्यापाऱ्याला नाही. त्याला देवनागरी येत नव्हती, विषय संपला. मला तो विचारायचाय मराठी माणसाच्या सगळ्यात लाडक्या संग्रहालयाला, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला. आणि मग स्वतःला.

आधी नावाबद्दल. तुमच्या घरी जुनी भांडी असतील तर एखादं उलटं करून किंवा काठ निरखून बघा. आपल्याकडे भांड्यावर ‘नाव घालतात’. पूर्वी हे काम बारीक छिन्नी आणि हातोडीने व्हायचं. एकेक ठिपका ठोकत अक्षर उभं करायचं. पुढे भांड्यांच्या दुकानात विजेवर थरथरणारी सुई आली. आपण चिठ्ठीवर मजकूर लिहून द्यायचा आणि दुकानदार कर्र कर्र आवाज करत तो भांड्यावर उतरवायचा. अक्षरं मोजून पैसे. त्यामुळे मजकूर तारेसारखा आटोपशीर: कोणाला, कोणाकडून, कशाबद्दल, कधी. ‘चि. सौ. कां.’, ‘आत्याकडून’, ‘सप्रेम भेट’, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’.

याचं साधं कारण व्यवहारी होतं. लग्नकार्यात, मुंजीत, सत्यनारायणाला आळीतल्या दहा घरांची पातेली, परातीं, तपेली एकत्र यायची. कार्य उरकलं की ज्याचं त्याला परत जायला हवं, म्हणून नाव. पण व्यवहाराच्या या गरजेतून नकळत एक दस्तऐवज तयार झाला, आणि तो विशेषतः बायकांचा. विचार करा, शके १८५१ मध्ये लग्न होऊन सासरी आलेल्या बाईचं नाव कुठे कुठे लिहिलेलं असेल? शेताच्या कागदावर नाही, घराच्या कागदावर नाही, शाळेच्या पटावर बहुधा नाहीच. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं असेल, पण ते तांदूळ त्याच दिवशी विस्कटले. उरलं ते घंगाळावरचं नाव. सातबाऱ्यावर नसलेली बाई भांड्यावर असते.

आणि ते नाव नुसतं ओळखीचं नसतं, हक्काचंही असतं. माहेरहून आलेलं भांडं हे तिचं स्वतःचं. उद्या भाऊ-भाऊ वेगळे झाले, चूल वेगळी झाली, तर हे पातेलं कोणाकडे जाणार याचा निवाडा त्या ठिपक्यांनी व्हायचा. म्हणून माझं म्हणणं असं की मराठी घरातल्या भांड्याला संग्राहकाने इतिहास शोधून द्यायची गरज नव्हती. कला-बाजारात ज्याला वस्तूची वंशावळ म्हणतात आणि जिच्यासाठी लिलावघरं कागदपत्रं धुंडाळतात, ती या भांड्यांच्या काठावरच ठोकलेली होती. गरज होती ती फक्त वाचण्याची.

आता केळकर संग्रहालयाकडे येऊ. बाजीराव रोडवरून आत, नातूबागेजवळ. तुम्ही पुण्यात वाढला असाल तर शाळेच्या सहलीत एकदा आणि परदेशातून पाहुणा आला की त्याला घेऊन एकदा, असे दोनदा तरी गेला असाल. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची काही दशकं पत्नी कमलाबाईंच्या साथीने देशभर हिंडून वस्तू आणल्या. १९६२ साली संग्रहालय उभं राहिलं, १९७५ साली त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या हाती सोपवला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या साधारण अडीच हजार मांडलेल्या.

टीका करण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगते. केळकरांनी काय केलं हे समजायचं तर त्यांनी काय गोळा केलं *नाही* ते बघा. त्या काळात संग्रह म्हणजे नाणी, ताम्रपट, मूर्ती, तलवारी. म्हणजे राजा, देव आणि लढाई. केळकरांनी अडकित्ते जमवले. कुलपं, दौती, समया, लामणदिवे, फण्या, वज्र्या, खेळणी, पानाचे डबे. वज्री म्हणजे आंघोळीच्या वेळी टाच घासायचं पितळी साधन, खालून खरखरीत, वर मोर किंवा घोडा, आणि पोटात खडे, घासताना किणकिण वाजावी म्हणून. अशी वस्तू काचेच्या कपाटात ठेवण्याच्या लायकीची आहे असं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाटणं, ही दृष्टी सामान्य नव्हे. रोजच्या हाताळणीतल्या वस्तूत कला असते हे सांगायला नंतर विद्यापीठांत शाखा निघाल्या. केळकरांनी ते आपल्या पायांनी हिंडून आणि पदरचे पैसे मोडून सांगितलं.

आणि घाईही होती. तांब्या-पितळेच्या भांड्याचं आपल्याकडे एक ठरलेलं मरण असतं: मोड. जुनं भांडं वजनावर घालायचं, वर थोडे पैसे टाकून नवं घ्यायचं. जुनं भट्टीत. ही रीत पूर्वापार होती, पण स्टेनलेस स्टील आल्यावर तिचा वेग वाढला. पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, राख नको. ज्या बाईचे हात वर्षानुवर्षं भांडी घासून सोलवटले होते तिने स्टीलचं स्वागत केलं यात नवल नाही, आणि आज आपण तिच्या त्या निर्णयावर हळहळणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. त्यात १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, नदीकाठचे वाडे कोसळले, आणि जे उभे राहिले तेही पुढे एकेक करून पाडले जाऊन इमारती झाल्या. माळ्यावरचं सामान भंगारात निघालं. संग्रहालय उभं राहिलं ते बरोबर त्याच्या पुढच्या वर्षी. केळकरांचा संग्रह नसता तर यातलं बरंचसं आज कुठल्यातरी नळाच्या तोटीत वितळून बसलं असतं.

एवढं मान्य करून आता पाटी वाचा. मी मागच्या खेपेला वही घेऊन गेले होते. ज्या पाट्या वाचल्या, त्यातल्या बहुतेकींवर वस्तूचं नाव, धातू, प्रदेश, शतक. अडकित्ता, पितळ, महाराष्ट्र, एकोणिसावं शतक. पुढचा अडकित्ता, तसाच. एका ओळीत पोपट, घोडे, मिथुनं. कारागिरी बघून तुम्ही थक्क होता आणि तिसऱ्या कपाटाशी तुमच्या लक्षात येतं की आपण सुपारी कातरणाऱ्या एकाही माणसाला भेटलेलो नाही. ती वस्तू घडवणारा नाही, वापरणारी नाही, विकणाराही नाही.

फणेरपेटीचं उदाहरण घेऊ, म्हणजे मी काय म्हणतेय ते स्पष्ट होईल. छोटी पेटी, झाकणाच्या आत आरसा, खाली कप्पे: फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. मेण कशाला? कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिकतं. ‘सौंदर्यप्रसाधनाची पेटी’ ही पाटी चुकीची नाही. पण ही पेटी रोज सकाळी उघडली जायची ती एका अटीवर, नवरा जिवंत असण्याच्या. तो गेला की त्या दिवशी पेटी बंद. बाई वीस वर्षांची असो की साठ. म्हणजे आज काचेमागे दिसणाऱ्या कितीतरी फणेरपेट्या बाजारात आल्या असतील त्या ‘जुन्या झाल्या’ म्हणून नव्हे, तर घरात त्या उघडणारं कोणी उरलं नाही म्हणून, किंवा उघडायची परवानगी उरली नाही म्हणून. पेटी उत्तम स्थितीत असेल तर आपण म्हणतो, किती छान जपली आहे. जपलेली असेलही. किंवा फार लवकर मिटली असेल.

हे पाटीवर मावणार नाही, कबूल. पण पाटीवर काय मावतं हे संग्रहालयानेच एका ठिकाणी दाखवून दिलं आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचा एक भाग तिथे पुन्हा उभारला आहे. त्या दालनाला नाव आहे, गोष्ट आहे, लोक तिथे थांबतात, कुजबुजतात. ज्या बाईला तिच्या हयातीत शनिवारवाड्यातल्या घराने आपलं म्हटलं नाही, तिला संग्रहालयाने नावाने जागा दिली. चांगलं केलं. पण म्हणजे नावासाठी निदान पेशव्याशी संबंध असावा लागतो. वज्रीने टाच घासणाऱ्या बाईला ‘महाराष्ट्र, एकोणिसावं शतक’ एवढंच.

याच संग्रहालयाच्या दारावर मात्र एक नाव आहे. ‘राजा’ हे केळकरांच्या मुलाचं नाव. तो लहानपणीच गेला, आणि बापाने आयुष्यभराचा संग्रह त्याच्या नावे केला. आपल्या रीतीच्या भाषेत सांगायचं तर केळकरांनी त्या वीस हजार वस्तूंवर मिळून एकच नाव घातलं: स्मरणार्थ. वस्तूवर नाव घातल्याने काय होतं, गेलेलं माणूस रोजच्या वापरात कसं राहतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल? म्हणूनच आतल्या पाट्यांचा मुकेपणा मला जास्त बोचतो. दाराशी एका मुलाचं नाव वाचून आपण आत जातो आणि आत कोणाचंच नाव नसतं.

हा दोष केळकरांचा एकट्याचा नाही हे मला इथे, इंग्लंडात आल्यावर कळलं. ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स संग्रहालय बघाल तर तुम्हाला नातूबागेची आठवण येईल. अंधुक उजेड, खच्चून भरलेली कपाटं, आणि मांडणी देशाप्रमाणे किंवा काळाप्रमाणे नाही तर वस्तूच्या प्रकाराप्रमाणे. जगभरचे दिवे एकत्र, जगभरची कुलपं एकत्र. जनरल पिट-रिव्हर्स यांनी १८८४ साली आपला वीस हजारांहून मोठा संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिला. त्यांच्या मांडणीमागे एक सिद्धान्त होता: साध्या वस्तूतून गुंतागुंतीची वस्तू उत्क्रांत होते, आणि वस्तू ओळीने लावल्या की माणसाच्या प्रगतीच्या पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांवर सगळ्यात वर कोण उभं होतं हे सांगायला नको.

केळकरांकडे असला माज नाही. त्यांचे अडकित्ते एका ओळीत असतात ते ‘हा मागासलेला, तो पुढारलेला’ हे दाखवायला नव्हे, तर ‘एकाच कामाला माणसाने किती रूपं दिली बघा’ हे दाखवायला. एक जनरलची नजर, एक कवीची. पण परिणाम बघा. प्रकारवार मांडणीत वस्तू आपल्या भावंडांजवळ जाते आणि आपल्या घरापासून तुटते. अडकित्ता वीस अडकित्त्यांशेजारी बसतो, पण चंची, पानाचा डबा, तस्त आणि ज्या ओसरीवर हे सगळं एकत्र असायचं ती ओसरी, यांच्यापासून दूर. कवीच्या हातूनही ही मांडणी तेच करते.

फरक पुढे पडला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००२ नंतर ‘द रिलेशनल म्युझियम’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यांनी प्रश्न उलटा केला. वस्तू कोणती हे नव्हे, तर ती कोणाकोणाच्या हातांतून इथवर आली. जमवणारे, विकणारे, पाठवणारे, नोंदी करणारे, सगळ्यांचं जाळं त्यांनी नोंदवह्यांतून काढलं. २००७ साली ख्रिस गॉस्डेन आणि फ्रान्सेस लार्सन यांचं त्यावर पुस्तकही आलं. २०२० मध्ये संग्रहालयाने मानवी अवशेष मांडणीतून काढून घेतले आणि का काढले तेही सांगितलं. साम्राज्याच्या लुटीचं ओझं वाहणाऱ्या संस्थेला हे करणं भाग होतं, म्हणून तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण काम शिकण्यासारखं आहे. आणि आपल्याकडे ते सोपं आहे, कारण आपल्या वस्तूंची माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाला नाहीत. ती सदाशिव पेठेत, वाईत, कोल्हापुरात आहेत. आणि काही इथे, माझ्याबरोबर कार बूट सेलमध्ये.

इथपर्यंत लिहून मी हे माझ्या आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती ऐंशी पार केलेली आहे. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘अगं, पण विकणाऱ्याला नाव नकोच असायचं.’ मग तिने सांगितलं की तिच्या लहानपणी घरातलं एखादं भांडं बाहेर जायचं ते दिवेलागणीनंतर, पिशवीत घालून, वर जुनं धोतर टाकून. भांडं विकायची वेळ येणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. घेणाऱ्याला विनवायचे, कुठून मिळालं ते बोलू नका. कुळकायदा आला, इनामं गेली, १९४८च्या जाळपोळीनंतर कितीतरी कुटुंबं गाव सोडून शहरात एका खोलीत आली. विकणं होतं, पण मिरवण्यासारखं नव्हतं.

मला हे सुचलंच नव्हतं. म्हणजे पाटीवर नाव नसणं हा प्रत्येक वेळी निष्काळजीपणा नसेल, कधी तो शब्द पाळणं असेल. जर्मन लेखक वॉल्टर बेन्यामिनने १९३१ साली आपली पुस्तकं खोक्यांतून काढता काढता संग्रहावर एक निबंध लिहिला. खऱ्या संग्राहकासाठी वस्तूचे आधीचे मालक हा तिच्या जादूचाच भाग असतो, असं त्याचं म्हणणं. लिलावात पुस्तकं घेणाऱ्या माणसाला ते शोभतं. पण दिवेलागणीनंतर मागच्या दाराने भांडं देणाऱ्या बाईला आपण कोणाच्या जादूचा भाग व्हावं असं वाटत असेल का? आत्याच्या या एका वाक्यामुळे माझी तक्रार मला जरा वेगळी मांडावी लागते. नाव लपवणं आणि नाव होतं हेच विसरणं, यात फरक आहे. ‘देणाऱ्या घराच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही’ एवढी एक ओळ पाटीवर असती, तरी बघणाऱ्याला कळलं असतं की इथे एक घर होतं, आणि त्याच्यावर वेळ आली होती.

आणि एक गोष्ट आत्याच्या बोलण्यातही नव्हती, माझ्याही नाही. ज्यांच्याकडे विकायला पितळच नव्हतं त्यांचं काय? आपण ‘जुनी मराठी भांडी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे चकाकणारं तांबं-पितळ येतं. डॉ. आंबेडकरांनी १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नुकत्याच घडलेल्या काही घटना दिल्या आहेत. त्यातली एक अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावची. तिथल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला लागल्या, हे सवर्णांना आपला अपमान वाटला आणि त्या बायकांवर हल्ला झाला. माझ्या घंगाळावरच्या सालानंतर जेमतेम सहा वर्षांनी. धातूची घागर ही त्या बायकांसाठी ‘व्हिंटेज’ नव्हती, ‘आमचीही ऐपत आहे, आम्हीही माणसं आहोत’ असं सांगणं होतं, आणि त्याची किंमत मार खाऊन द्यावी लागली. मडकी फुटतात, सुपं-टोपल्या झिजतात, त्यांवर कोणी नाव घालत नाही. त्यामुळे भांड्यावरचं नाव वाचा असं मी जेव्हा सांगते, तेव्हा ते नाव घालायची मुभा कोणाला होती हेही त्याच काठावर वाचावं लागतं. घराघरातली कला दाखवणाऱ्या कुठल्याही संग्रहालयाला हा प्रश्न चुकवता येणार नाही.

आता आपल्याकडे वळते, कारण बाहेरगावी राहणारे आपण सगळे हळूहळू संग्राहक होत चाललोय, स्वखुशीने नव्हे तर वयाने. आई-वडील जातात. दोन आठवड्यांची रजा काढून आपण जातो. फ्लॅट रिकामा करायचा असतो. माळ्यावरून पोतं खाली येतं: पराती, तपेली, कळशी, बंब. बॅगेत तेवीस किलो. मग एक तांब्या आणि एक समई ‘आठवण म्हणून’ बॅगेत, बाकी वजनावर. तो तांब्या इथे येऊन दिवाणखान्यात बसतो, पाहुणे म्हणतात वा, आपण म्हणतो आजीचा. कुठली आजी? आईची आई की वडिलांची? बहुतेक वेळा आपल्यालाही सांगता येत नाही. आणि मग आपल्या पुढच्या पिढीच्या गराज सेलमध्ये तो तांब्या फुलदाणी होतो. शेतातल्या त्या व्यापाऱ्याला मी फार हसू नये, ते यासाठी.

कायद्याचंही एक बघा. भारताच्या १९७२च्या पुरावशेषांविषयीच्या कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांची रेघ आहे. त्या रेघेपलीकडची वस्तू पुरावशेष ठरली तर ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण भांड्याचं वय ठरवायचं कशावरून? घडण तीच, धातू तोच, साच्यात फरक नाही. शेकडा नव्वद वेळा पुरावा एकच असतो, काठावरचं शके. ते घासून टाकलं की भांड्याला वयच राहत नाही. ‘थोडे ओरखडे आहेत, काढून देतो’ ही दिसायला साधी सोय आहे. तिने एक बाई जाते आणि एक तारीखही जाते.

म्हणून सांगणं थोडकं आहे, आणि ते संग्रहालयांनाही लागू आहे. भांडं वजनाला घालायच्या आधी त्याच्यावर नाव आहे का बघा. दिसत नसेल तर टॉर्च आडवा धरा, नाहीतर काठावर थोडी रांगोळी किंवा कणीक चोळून पुसून घ्या, ठिपक्यांत पांढरं अडकतं आणि अक्षरं वर येतात. फोटो काढा. घरात जी सगळ्यात म्हातारी बाई असेल तिला तो दाखवा. मावशी, हे कोण? तिला आठवत असेल ते लगेच लिहून ठेवा, तिच्या शब्दांत. भांडं ठेवायचं की द्यायचं ते नंतर ठरवा, दिलंत तरी हरकत नाही. आणि संग्रहालयांना एवढंच: तुमच्याकडे वीस हजार वस्तू आहेत, त्यांतल्या भांड्यांचे काठ एकदा तिरक्या उजेडात बघून जे दिसेल ते नोंदवून ठेवा. एका पिढीच्या आत करायला हवं, कारण ‘हे कोण?’ याचं उत्तर देणाऱ्या मावश्या फार उरलेल्या नाहीत.

घंगाळ मी घेतलं. पस्तीसला पटलं. लॅव्हेंडरचं रोप त्याने काढून घेतलं, ते वेगळं विकायचं होतं. घरी आणून चिंच-मिठाने धुतलं, पण काठाला हात लावला नाही, ठिपक्यांतला काळपटपणा तसाच ठेवला. शके, आडनाव आणि काठाचा फोटो माझ्या वहीत आहे. त्या आडनावाची एक ओळखीची शाखा साताऱ्याकडे आहे. तिकडे एका गृहस्थांना पत्र लिहिलंय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं, आणि ते म्हणाले की आमचंच आहे, पाठवून द्या, तर पाठवायचा खर्च घंगाळाच्या किमतीपेक्षा जास्त येईल, तो मी काढून ठेवलाय. ते म्हणाले, आमचं नाही, किंवा असलं तरी नको, तर या दिवाळीला पहाटे त्यात कढत पाणी ओतून मुलांना न्हाऊ घालणार आहे. इतकी वर्षं झाडाची कुंडी होण्याआधी ते जे काम करत होतं, ते.